पोटरीतला गोळा आणि घाटातला गिअर

दोनशे किलोमीटरच्या बीआरएममध्ये, म्हणजे ठरलेल्या वेळेत पूर्ण करायच्या लांब पल्ल्याच्या सायकल राइडमध्ये, पहिल्या शंभर किलोमीटरपर्यंत पायांची तक्रार सहसा कुणी करत नाही. पहाटेची हवा थंड असते, गटात गप्पा चालू असतात, वेगही हवा तसा मिळत असतो. खरी परीक्षा दुपारी बारानंतर सुरू होते. परतीच्या वाटेवर एखादा घाट लागतो, वारा उलटा फिरतो, ऊन डोक्यावर येतं आणि रस्त्याच्या कडेला सायकल आडवी टाकून मांडी धरून बसलेला एखादा तरी गडी दिसतोच. भोवती तीन-चार जण जमतात. एक इलेक्ट्रॉलची पुडी काढतो, दुसरा केळं पुढे करतो, तिसरा स्प्रे मारतो, चौथा खाली बसून त्याचा पाय सरळ करून ओढायला लागतो. चौघांचीही मदतीची इच्छा खरी आहे. मात्र त्या क्षणी उपयोग होतो तो फक्त चौथ्याचा.

असं का, हे समजून घेण्यासाठी गेल्या शंभर वर्षांत बरंच संशोधन झालं आहे आणि त्यातला मोठा भाग आपल्या सायकलस्वारांपर्यंत पोचलेला नाही. दरम्यान लांबची सायकल चालवणारे मात्र झपाट्याने वाढले. बीआरएममध्ये २०० किलोमीटरला साडेतेरा तास, ३०० ला वीस, ४०० ला सत्तावीस आणि ६०० ला चाळीस तास मिळतात. नोकरी-धंदा सांभाळून हे करणारे लोक आता महाराष्ट्रात गावोगावी आहेत. पुणे ते गोवा सुमारे ६४० किलोमीटरची डेक्कन क्लिफहँगर आहे, नाशिकहून पंढरपूरला जाणारी सायकल वारी आहे. नाशिकच्या डॉ. हितेंद्र आणि डॉ. महेंद्र महाजन या बंधूंनी २०१५ मध्ये दोघांच्या संघातून ‘रेस अॅक्रॉस अमेरिका’ पूर्ण केली. २०१७ मध्ये श्रीनिवास गोकुळनाथ आणि नागपूरचे डॉ. अमित समर्थ यांनी तीच जवळपास ४८०० किलोमीटरची शर्यत एकट्याने संपवली. त्यांच्याकडे पाहून सायकल घेतलेल्या पंचेचाळिशीच्या माणसाला घाटात पाय वळल्यावर काय करायचं, हे नीट सांगितलं गेलं पाहिजे.

सुरुवातीलाच एक गल्लत दूर करू. पायांच्या तक्रारी दोन आहेत. एक म्हणजे पाय भरून येणं, मांड्या आखडणं, पोटऱ्या ताठरणं. ही तक्रार हळूहळू वाढते, तासन् तास सोबत राहते आणि सायकल चालवता येते. दुसरी म्हणजे गोळा. तो अचानक येतो, स्नायू दगडासारखा कडक होतो, हात लावला तर गाठ जाणवते आणि पुढचं पेडल मारणं अशक्य होतं. पहिली तक्रार दुसरीची पूर्वसूचना असू शकते, पण दरवेळी असतेच असं नाही. दोन्हींचे उपाय वेगळे आहेत.

आखडण्याचं कारण बऱ्याच अंशी पेडलिंगच्या हालचालीतच आहे. मिनिटाला ८० फेरे धरले, तर आठ तासांत प्रत्येक पाय ३८,४०० वेळा फिरतो आणि प्रत्येक वेळी तो तेवढ्याच मर्यादित कक्षेत फिरतो. गुडघा पूर्ण सरळ होत नाही, कंबर पूर्ण उघडत नाही. मांडी पोटाकडे खेचणारे स्नायू दिवसभर आखूड अवस्थेतच काम करतात. धावताना किंवा चालताना पाय मागे जातो, तसा सायकलवर तो कधीच जात नाही. म्हणून यावरचा उपाय साधा आहे, फक्त तो वेळेवर करावा लागतो. दर पंधरा-वीस मिनिटांनी सीटवरून उठून दहा-बारा पेडलं उभ्याने मारायची, एक पाय खाली असताना कंबर पुढे ढकलायची, उतारावर पेडल न मारता टाच खाली सोडून पोटरी ताणली जाऊ द्यायची. कंट्रोलवर, म्हणजे वाटेतल्या नोंदणीच्या थांब्यावर, पोचल्यावर थेट खुर्चीत न बसता पाच मिनिटं चालायचं. हे पाय दुखायला लागल्यावर सुरू केलं तर फायदा कमी होतो. पहिल्या तासापासूनच ती सवय असली पाहिजे. निघण्यापूर्वी पार्किंगमध्ये उभं राहून स्नायू ताणण्याने मात्र पुढे येणारे गोळे टळतात, असं अभ्यासांतून दिसलेलं नाही. त्याऐवजी पहिला अर्धा तास हलक्या गिअरवर जाणं हाच चांगला वॉर्मअप.

आता गोळ्याकडे येऊ. सगळा वाद त्याच्याबद्दल आहे.

सर्वांत जुनं स्पष्टीकरण मीठ-पाण्याचं. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला कोळशाच्या खाणींत आणि आगबोटींच्या भट्ट्यांसमोर काम करणाऱ्या मजुरांना भयानक गोळे येत. इंग्लंडमध्ये १९२३ च्या सुमारास मॉस आणि हॉल्डेन या शास्त्रज्ञांनी खाणकामगारांचा अभ्यास केला. माणसं घामाने न्हात होती, वर भरपूर साधं पाणी पीत होती आणि पाण्यात मीठ घातल्यावर त्यांचा त्रास कमी होत होता. पुढे १९३० च्या दशकात अमेरिकेत हूव्हर धरणाच्या बांधकामावरही हार्वर्डच्या फटीग लॅबोरेटरीच्या मंडळींना असाच अनुभव आला. तिथून हा विचार क्रीडाक्षेत्रात शिरला आणि पक्का बसला: गोळा आला, म्हणजे मीठ कमी पडलं.

पण या विचाराला दोन ठिकाणी तडा जातो. घामातून मीठ जातं ते सगळ्या शरीराचं. मग गोळा नेमका मांडीत किंवा पोटरीतच का येतो, दंडात किंवा पाठीत का येत नाही? आणि पाय ओढल्याबरोबर गोळा सुटतो तेव्हा शरीरात कणभरही मीठ गेलेलं नसतं. दक्षिण आफ्रिकेच्या मार्टिन श्वेलनस यांनी १९९७ मध्ये दुसरं स्पष्टीकरण मांडलं. त्यांच्या मते मूळ दोष थकलेल्या स्नायूच्या मज्जातंतूंच्या नियंत्रणात आहे. स्नायूच्या आत ताण ओळखणारे सूक्ष्म तंतू असतात. ते स्नायूला ‘आवळ’ असा संदेश पाठवतात. स्नायू हाडाला जिथे जोडला जातो त्या कंडरेत दुसरे संवेदक असतात. ओढ वाढली की ते ‘सैल हो’ असं सांगतात. स्नायू थकला की पहिल्यांचा जोर वाढतो, दुसऱ्यांचा घटतो. त्यातच स्नायू आधीच आखूड अवस्थेत असताना त्याला जोर लावायला लावला तर कंडरेवरची ओढ कमी असते, लगाम राहत नाही आणि स्नायू आवळतो तो आवळलेलाच राहतो. पाय ओढला की कंडरेवर ताण येतो, सैल होण्याचा संदेश पुन्हा जातो आणि गोळा सुटतो. रस्त्याकडेच्या त्या चौथ्या माणसाचा उपाय चालतो तो याच कारणाने.

श्वेलनस आणि सहकाऱ्यांनी पुढे आयर्नमॅन ट्रायथलॉनच्या दोनशेहून अधिक स्पर्धकांची तपासणी केली. ते निष्कर्ष २०११ मध्ये प्रसिद्ध झाले. गोळे आलेले आणि न आलेले यांच्यात शरीरातलं पाणी किंवा रक्तातले क्षार यांचा अर्थपूर्ण फरक आढळला नाही. फरक होता तो दोन बाबतींत: गोळे आलेल्यांनी स्वतःच्या तयारीच्या मानाने वेग जास्त ठेवला होता आणि त्यांना पूर्वीही गोळे आलेले होते. व्हॅलेन्सिया मॅरेथॉनच्या धावपटूंवरच्या अलीकडच्या अभ्यासातही हेच चित्र दिसलं. क्षारांत फरक नव्हता, मात्र गोळे आलेल्यांच्या रक्तात स्नायूंना इजा झाल्याच्या खुणा जास्त होत्या आणि पायांचा ताकदीचा व्यायाम करणारे लोक गोळे न आलेल्यांमध्ये अधिक होते.

मग मिठाचा विषय संपला का? नाही, आणि इथे मला नव्या मताच्या उत्साही समर्थकांशी थोडा वाद घालायचा आहे. २०१९ मध्ये ऑस्ट्रेलियातल्या एडिथ कोवन विद्यापीठाशी संबंधित संशोधकांनी दहा पुरुषांना कडक उष्म्यात उतारावर धावायला लावलं. घामाने वजन दोन टक्क्यांनी घटल्यावर त्यांना एकदा साधं पाणी दिलं आणि दुसऱ्या वेळी ओआरएससारखं क्षारयुक्त पेय. मग पोटरीला विजेचे सौम्य झटके देऊन गोळा किती सहज येतो हे मोजलं. साध्या पाण्यानंतर तो जास्त सहज आला. क्षारयुक्त पेयानंतर त्याला जास्त उद्दीपन लागलं. प्रयोग छोटा आहे, पण शंभर वर्षांपूर्वीच्या खाणकामगारांचा अनुभव त्यात जसाच्या तसा दिसतो. नुसतं कोरडं पडण्यापेक्षा भरपूर घाम गाळून वर नुसतं पाणी ढोसणं जास्त त्रासाचं आहे. शिवाय घामातलं मीठ माणसागणिक खूप वेगळं असतं. कुणाच्या लिटरभर घामात अर्ध्या ग्रॅमहून कमी सोडियम असतं, तर कुणाच्यात दीड ग्रॅमहून जास्त. ज्याच्या काळ्या जर्सीवर दुपारी पांढरे पट्टे उमटतात, त्याने मिठाकडे दुर्लक्ष करू नये.

सगळं वाचून माझं मत असं झालं आहे की थकवा हे कारण आणि मीठ-पाण्याची गडबड हे निमित्त. बऱ्याच जणांना निमित्त सांभाळूनही गोळे येतात, कारण मूळ कारणाकडे, म्हणजे गिअर, वेग, सीट आणि तयारी यांकडे, लक्षच गेलेलं नसतं. बाटलीत काय घातलं यावर आपण तासभर बोलतो. मागच्या चाकावरच्या कॅसेटमधल्या सर्वांत मोठ्या चक्राला किती दात आहेत हे विचारत नाही.

म्हणून गिअरचा हिशेब थोडा सविस्तर मांडतो. वाईहून पाचगणीला जाणारा पसरणी घाट घ्या. दहा-बारा किलोमीटरचा सलग चढ, कुठेही उभा नाही, पण दम घ्यायला सपाटीही नाही. साधा सायकलस्वार इथे ताशी आठ किलोमीटरने चढतो. बऱ्याच रोडबाइकला पुढचं लहान चक्र ३४ दातांचं आणि मागचं सर्वांत मोठं २८ दातांचं असतं. चाकाचा परीघ सुमारे २.१ मीटर धरला तर पेडलच्या एका फेऱ्यात सायकल सुमारे २.५५ मीटर जाते. ताशी आठ म्हणजे मिनिटाला १३३ मीटर. म्हणजे मिनिटाला ५२ फेरे. आता मागे ३४ दातांचं चक्र बसवा. एका फेऱ्यात २.१ मीटर, म्हणून त्याच वेगाला ६३ फेरे. काम तेवढंच, वेग तोच, पण प्रत्येक फेऱ्यात पायाला लावावा लागणारा जोर सुमारे १८ टक्क्यांनी कमी. तासाभराच्या चढात हा फरक तीन हजारांहून अधिक फेऱ्यांवर पसरतो. ज्या मांडीत पाचगणीच्या अलीकडे दोन वळणांवर गोळा येतो, तिला हीच सवलत हवी होती. कॅसेट बदलायचा खर्च एका चांगल्या जर्सीपेक्षा फार जास्त नसतो. फक्त साखळी चक्रांवर सरकवणारा मागचा डिरेल्युर एवढं मोठं चक्र पेलतो का, हे मेकॅनिककडून आधी तपासून घ्यावं.

जड गिअरवर घाट मारणं हे आपल्याकडे अजूनही मर्दुमकीचं समजलं जातं. मुंबई-पुणे सायकल शर्यतीत बोरघाटात आघाडी घेणाऱ्याला ‘घाटाचा राजा’ म्हणत आणि तो मान खरोखरच मोठा होता. पण ते लोक वर्षानुवर्षं त्याच जोरासाठी पाय तयार करत. शनिवार-रविवारच्या सायकलस्वाराने सपाटीवर मिनिटाला ८० ते ९० फेरे आणि चढावर निदान ६० ते ७० फेरे टिकतील असा गिअर ठेवावा. आणि घाटाच्या पायथ्याशीच गिअर हलका करावा. पाय जड झाल्यावर, साखळीवर ताण असताना गिअर टाकण्यात साखळी उतरते आणि त्या झटक्यात गोळा येतो, हे घाटात नेहमी दिसणारं दृश्य आहे.

दुसरी बाब सीटची. आपण बहुतेक सगळे मोठ्या काळ्या सायकलवर शिकलो. सीटवर बसून दोन्ही पाय जमिनीला टेकले पाहिजेत, ही शिकवण तिथली. हीच सवय घेऊन माणूस रोडबाइकवर बसतो आणि सीट बरीच खाली ठेवतो. मग गुडघा जास्त वाकतो, मांडीच्या पुढच्या स्नायूंवर भार येतो आणि गुडघ्याच्या आतल्या बाजूला, अश्रूच्या आकाराचा जो स्नायू दिसतो, त्यात गोळे येतात. उलट इंटरनेट पाहून सीट वाजवीपेक्षा वर नेणारेही आहेत. त्यांची कंबर दोन्ही बाजूंना डुलते, पेडल खाली जाताना पाय पोचावा म्हणून पंजा टोकदार होतो आणि पोटरी आखूड अवस्थेत जोर लावते. पोटरीचा गोळा येण्यासाठी यापेक्षा अनुकूल स्थिती नाही. मांडीच्या मागच्या स्नायूंचीही तीच गत.

घरच्या घरी जमणारी तपासणी अशी. भिंतीला टेकून किंवा ट्रेनरवर सायकल उभी करायची, सीटवर बसून टाच पेडलवर ठेवायची, पेडल सर्वांत खाली न्यायचं. गुडघा जेमतेम सरळ व्हावा. मग पंजा पेडलवर ठेवला की गुडघ्यात थोडा वाक राहतो. कोनमापकाने मोजायचं झालं तर तळाशी २५ ते ३५ अंशांचा वाक योग्य मानला जातो. बदल करायचा तो एका वेळी तीन-चार मिलिमीटरचा आणि दोन-तीन राइड्स त्यावर करूनच पुढचा. बीआरएमच्या आदल्या रात्री सीट हलवू नये. बुटाच्या तळाला बसवून पेडलमध्ये अडकवायचे क्लीट वापरणाऱ्यांनी वारंवार पोटरीत गोळे येत असतील तर क्लीट टाचेच्या दिशेने थोडे मागे घेऊन पाहावे. घोट्यावरची तरफ कमी होते आणि पोटरीचं काम हलकं होतं.

गोळा आलाच तर? आधी सूचना ओळखायला शिकायचं. बहुतेकांना गोळ्याच्या काही मिनिटं आधी त्या जागी स्नायू फुरफुरल्यासारखा, आतून उडाल्यासारखा वाटतो. त्याच क्षणी दोन गिअर हलके करायचे, वेग सोडायचा, टाच खाली घेऊन पेडल मारायचं. गट पुढे जातो तर जाऊ द्यावा. तरीही गोळा आला तर क्लीट सोडवून सुरक्षित जागी थांबायचं. हायवेवर असाल तर आधी कडेच्या पट्ट्याबाहेर, मग पायाकडे लक्ष. पोटरीचा गोळा असेल तर गुडघा सरळ ठेवून पंजा नडगीकडे ओढायचा. मांडीच्या मागचा असेल तर टाच एखाद्या दगडावर किंवा रस्त्याच्या कठड्यावर ठेवून गुडघा सरळ करायचा आणि कंबरेतून पुढे वाकायचं. मांडीच्या पुढचा असेल तर सायकलचा आधार घेऊन गुडघा वाकवायचा, टाच कुल्ल्याकडे न्यायची. ताण हळू द्यायचा, झटका नाही, आणि गोळा सुटल्यावरही काही काळ धरून ठेवायचा. दुसऱ्याचा पाय ओढणाऱ्याने त्याला विचारत विचारत ओढावं. सुटल्यानंतर हलकं चोळायचं, पाच-दहा मिनिटं चालायचं आणि मग अर्ध्या ताकदीने निघायचं. ‘आता गेला’ म्हणून पूर्वीच्याच वेगाने निघालेल्याला तो पुढच्या चढावर पुन्हा गाठतो.

परदेशात लोणच्याच्या पाण्याची बरीच चर्चा असते आणि ती निराधार नाही. अमेरिकेत केव्हिन मिलर आणि सहकाऱ्यांनी २०१० मध्ये प्रयोग करून दाखवलं, की काकडीच्या व्हिनेगरवाल्या लोणच्याचं थोडंसं पाणी प्यायल्यावर विजेच्या झटक्याने आणलेला गोळा साधं पाणी प्यायल्यापेक्षा सुमारे ४९ सेकंद आधी सुटतो. एवढ्या वेळात मीठ आतड्यातून रक्तात पोचूच शकत नाही. म्हणजे परिणाम घशातल्या संवेदकांवर होतो: तीव्र आंबट चव लागताच मज्जासंस्थेकडून स्नायूला शांत करणारा संदेश जातो, असं स्पष्टीकरण दिलं जातं. रसायनशास्त्राचं नोबेल मिळवणारे रॉड मॅकिनन यांना समुद्रात कयाक चालवताना गोळ्यांचा त्रास झाला. त्यांनी न्यूरोशास्त्रज्ञ ब्रूस बीन यांच्या साथीने आलं, दालचिनी, मिरची यांचा अर्क असलेलं पेय बनवलं, तेही याच धाग्यावर. आपलं लोणचं तेलातलं, त्यात व्हिनेगरचं पाणी नसतं. ज्यांना हा उपाय करून पाहायचा आहे त्यांनी व्हिनेगरमधल्या मिरच्यांचं दोन-तीन चमचे पाणी छोट्या बाटलीत बरोबर घ्यावं. अॅसिडिटी असणाऱ्यांनी हे करू नये. कोकणातलं खारट आगळ पाण्यात मिसळून पिण्यात मजा आहे आणि मीठही मिळतं, पण त्याकडे मीठ-पाणी म्हणूनच पाहावं, तात्काळ उतारा म्हणून नाही.

पिण्याचा हिशेब प्रत्येकाने आपापला काढायचा असतो आणि तो काढणं सोपं आहे. तासभर नेहमीच्या वेगाने सायकल चालवण्याआधी आणि नंतर कमीत कमी कपड्यांत वजन करायचं. घटलेलं वजन अधिक प्यायलेलं पाणी म्हणजे तासाचा घाम. जानेवारीत पुण्यात तो अर्धा लिटर निघेल, मेमध्ये पनवेल-पेण रस्त्यावर दुप्पट. दमट हवेत घाम सुकत नाही, अंगावरून नुसता गळतो, शरीर थंड होत नाही आणि मीठ मात्र जातंच. जेवढं गेलं तेवढं सगळं भरून काढण्याची गरज नाही. तहानेनुसार प्यावं, वजन दोन टक्क्यांहून फार घटू नये आणि वाढू तर मुळीच नये. राइडनंतर वजन वाढलेलं निघालं तर पाणी गरजेपेक्षा जास्त झालं. असं पाणी रक्तातलं सोडियम पातळ करतं आणि ते गोळ्यापेक्षा कितीतरी धोक्याचं आहे.

ओआरएसची मोठी पुडी एक लिटरसाठी असते. ती ७५० मिलिलिटरच्या बाटलीत ओतली की द्रावण प्रमाणाबाहेर दाट होतं, पोट डचमळतं. शिवाय लिटरभर ओआरएसमध्ये ग्लुकोज फक्त साडेतेरा ग्रॅम असतं. ते जुलाबाच्या रुग्णासाठी बेतलेलं पेय आहे, आठ तास पेडल मारणाऱ्याचं इंधन नाही. तासाला ३० ते ६० ग्रॅम पिष्टमय पदार्थ पोटात गेले नाहीत तर स्नायूंतला साठा आटतो, थकवा लवकर येतो आणि थकव्यामागून गोळा. म्हणून खाणं हाही गोळ्यावरचा उपाय आहे. चिक्की, राजगिऱ्याचा लाडू, खजूर, गुळाची पोळी, मीठ घातलेलं लिंबू सरबत, जेवणाच्या थांब्यावर दहीभात आणि लोणचं, सोबत ताक. पहिला घास पहिल्या तासात जावा. पिठलं-भाकरी आणि वर मिसळ असं भरपेट जेवण घाटाच्या आधी नको. रक्तदाब किंवा मूत्रपिंडाचा विकार असणाऱ्यांनी मीठ वाढवण्यापूर्वी डॉक्टरांना विचारावं.

केळ्याबद्दलचा गैरसमज मोठा आहे. त्यात पोटॅशियम आहे हे खरं, पण घामातून पोटॅशियम फारच थोडं जातं आणि केळं खाल्ल्यानंतर तासाभरातही रक्तातलं प्रमाण किंचितच वाढतं, हे मोजून पाहिलेलं आहे. केळं जरूर खावं, पंचवीसेक ग्रॅम पिष्टमय पदार्थांसाठी. मॅग्नेशियमच्या गोळ्यांची जाहिरात जोरात असते. उपलब्ध प्रयोगांचा एकत्रित आढावा घेणाऱ्या कॉक्रेनच्या अहवालानुसार वयस्कांच्या रात्रीच्या गोळ्यांवर त्यांचा लक्षणीय उपयोग दिसत नाही आणि व्यायामातल्या गोळ्यांसाठी त्यांची धड चाचणीच झालेली नाही. क्विनाइन एके काळी गोळ्यांवर सर्रास दिलं जाई. रक्तपेशी आणि हृदयावरच्या दुष्परिणामांमुळे अमेरिकेच्या औषध प्रशासनाने या वापराविरुद्ध कडक इशारे दिलेले आहेत. घरात कुणाच्या मलेरियाच्या उरलेल्या गोळ्या असतील तर त्यांना हात लावू नये. स्प्रेने कातडी गार किंवा गरम वाटते, दुखण्यावरून लक्ष हटतं, एवढंच.

दीर्घकाळ टिकणारा उपाय म्हणजे तयारी. इथे लोक सर्वांत जास्त आळस करतात, म्हणून जरा आग्रहाने सांगतो. ज्या अंतराला, ज्या चढाला, ज्या उन्हात जायचं आहे, त्याचा सराव स्नायूला हवा. दर आठवड्याला चाळीस किलोमीटर सपाटीवर फिरणाऱ्याने थेट तीनशेचा घाटमार्ग घेतला तर सत्तराव्या किलोमीटरनंतर त्याचे पाय अनोळखी कामाला लागलेले असतात. लांबची राइड हळूहळू वाढवावी आणि आठवड्यातून एक दिवस चढावर घालवावा. उन्हाची सवय होण्यास दहा ते चौदा दिवस लागतात. त्या काळात घामातलं मीठही कमी होतं, म्हणजे शरीर स्वतःच मीठ राखायला शिकतं. आणि आठवड्यातून दोनदा ताकदीचा व्यायाम: उठाबशा, पायरी चढणं-उतरणं, एका पायावर टाच उचलणं, पाठीवर झोपून कंबर उचलणं. शेवटचा व्यायाम मुद्दाम सांगितला. २०१० मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका वैद्यकीय नोंदीत मांडीच्या मागे सतत गोळे येणाऱ्या ट्रायथलीटचा त्रास कुल्ल्याचे स्नायू बळकट केल्यावर गेला. कुल्ले काम टाळत होते आणि त्यांचा भार मांडीवर येत होता. दिवसभर खुर्चीत बसणाऱ्या आपल्यापैकी अनेकांची हीच स्थिती आहे.

रात्रीचे गोळे हा वेगळा प्रकार. लांबच्या राइडनंतर अंथरुणात पंजा खाली ढकलला जातो, पोटरी आखूड होते आणि पहाटे तीनला माणूस ओरडत उठतो. झोपण्यापूर्वी भिंतीला हात टेकून पोटऱ्या आणि मांडीचा मागचा भाग तीन-चार मिनिटं ताणावा. वयस्कांवर झालेल्या चाचणीत रोजच्या ताणण्याने अशा गोळ्यांची संख्या आणि तीव्रता कमी झाली आहे. पायांवर घट्ट खोचलेलं पांघरूण टाळावं.

काही लक्षणं मात्र सायकल बाजूला ठेवून डॉक्टरांकडे जाण्याची असतात. राइडनंतर लघवी काळ्या चहासारखी झाली तर स्नायू मोठ्या प्रमाणावर तुटल्याची शक्यता असते. गोळ्यांबरोबर डोकेदुखी, उलटी, बोलण्यात गोंधळ असेल तर उष्माघात किंवा सोडियम घटणं. एकाच पोटरीला सूज, उष्णता आणि न थांबणारं दुखणं असेल, विशेषतः लांबच्या बस किंवा विमानप्रवासानंतर, तर रक्ताची गुठळी. कोलेस्टेरॉलच्या किंवा लघवी वाढवणाऱ्या गोळ्या सुरू झाल्यापासून त्रास वाढला असेल तर तेही सांगावं. औषध स्वतःहून बंद करू नये.

आणि एक विकार असा आहे की तो वर्षानुवर्षं ‘मांडी आखडते’ याच नावाखाली दडून राहतो. पेडल मारताना मांडी सतत पोटाकडे वाकते, तेव्हा जांघेच्या वर पायाला रक्त नेणाऱ्या धमनीला हजारो वेळा बाक येतो. काही सायकलस्वारांत तिची भिंत आतून जाड होते आणि जोराच्या चढावर पायाला पुरेसं रक्त पोचत नाही. फ्रान्सच्या पोलीन फेराँ-प्रेव्हो यांना याच विकारासाठी शस्त्रक्रिया करून घ्यावी लागली. त्यानंतर त्यांनी २०२४ च्या पॅरिस ऑलिंपिकमध्ये माउंटन बाइकचं सुवर्ण जिंकलं. ओळखण्याची खूण स्पष्ट आहे. त्रास एकाच पायात, फक्त जास्तीत जास्त जोर लावताना, मांडी भरून येऊन ताकद गेल्यासारखी वाटते आणि थांबल्यावर पाच मिनिटांत सगळं पूर्ववत. हलक्या वेगाला काहीच होत नाही. स्ट्रेचिंग, मीठ, कॅसेट, सीट, सगळं करूनही फरक पडत नाही. अशा वेळी रक्तवाहिन्यांच्या तज्ज्ञाकडे जाताना हे सांगणं महत्त्वाचं आहे की विश्रांतीत केलेली तपासणी बहुतेकदा अगदी नॉर्मल येते. सायकल जोरात चालवून झाल्याबरोबर, मिनिटाभराच्या आत, दोन्ही घोट्यांवरचा रक्तदाब मोजून त्याची तुलना केली तरच फरक सापडतो.